पिंजरा कोणता बसवायचा

शर्यतीच्या गाडीत आतून लोखंडी नळ्यांचा सांगाडा बसवतात, त्याला रोल केज म्हणतात, हे आमच्या घरात मी पहिल्यांदा सांगितलं ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी. गाडी उलटली तर टप चेपून डोक्यावर येऊ नये म्हणून तो असतो, असंही सांगितलं. हे दुसरं वाक्य मी गिळायला हवं होतं. आमटी वाढता वाढता आईचा हात थांबला.

"गाडी कशाला उलटेल?"

"उलटणार नाही. पण समजा उलटली, तर."

"उलटणारच नसेल तर पिंजरा कशाला?"

तेव्हापासून आमच्या घरात त्याला पिंजराच म्हणायला लागले. बाबा मात्र त्या दिवशी ताक प्यायले आणि उठून गेले. त्यांचा विरोध असाच असायचा, न बोलता.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही बेंगळुरूला, जयनगरात राहत होतो. बाबा सरकारी विमान कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. विमानाच्या सांगाड्याचा कुठला भाग किती भार पेलेल याची गणितं करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. मी एका सरकारी प्रयोगशाळेत यंत्रांच्या भागांच्या चाचण्या घ्यायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र मूळचा बेंगळुरूचाच, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या वडिलांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरातला. तो मराठी बोलायचा, पण चार शब्दांत एक कन्नड. मी त्याच्याहून वर्षभराने मोठी, म्हणून तो मला अक्का म्हणायचा. ऑफिसात कोणीच कोणाला असं म्हणत नसे, पण त्याच्या तोंडी ते इतकं सहज यायचं की पुढे सगळ्या विभागाची मी अक्का झाले.

आम्हा दोघांना गाड्यांचं वेड होतं. दोघांनी मिळून एक जुनी, लहान, पांढरी गाडी घेतली होती. व्हाइटफील्डकडचे रस्ते तेव्हा इतके मोकळे होते की रविवारी सकाळी तिथे गाडी घेऊन गेलं तर वाटेत भेटायच्या त्या फक्त बैलगाड्या आणि द्राक्षांचे मळे. त्या रस्त्यांवर गाडी चालवून चालवून आम्हाला वाटायला लागलं की आपल्याला जमतंय. मद्रासजवळच्या ट्रॅकवर नवशिक्यांसाठी शर्यत असते असं मित्राला कळलं. तिथल्या नियमांत हेल्मेट, सीटचे पट्टे आणि पिंजरा या तीन गोष्टी सक्तीच्या होत्या. हेल्मेट मिळालं, पट्टे मिळाले. पिंजऱ्यापाशी गाडं अडलं.

पहिला पिंजरा मित्रानेच शोधला. कोणाच्या तरी रॅलीच्या गाडीतून काढलेला, अगदी आमच्याच गाडीच्या मापाचा, लाल रंग दिलेला. तो दोरीने टपावर बांधून आमच्या दारात घेऊन आला आणि आम्ही दोघांनी तो अंगणात पेरूच्या झाडाला टेकवून ठेवला. मला तो फार आवडला. असं काही दारात उभं असलं की आपण खरंच शर्यतीला निघालोय असं वाटतं.

बाबा संध्याकाळी फिरून आले. चपला काढल्या, आत गेले, चष्मा लावून परत बाहेर आले. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. मग एका वाकावर अंगठा ठेवून म्हणाले, "ही गाडी उलटली होती का?"

मित्र माझ्याकडे बघायला लागला. "थोडीशी, सर."

"थोडीशी उलटते कशी गाडी?"

वाकाच्या आतल्या बाजूला नळीला बारीक सुरकुती पडली होती. लाल रंगाखाली ती मला दिसली नव्हती. बाबा म्हणाले, "याचं काम एकदा करून झालंय. आता हा शोभेचा." आणि जाताना दारातून वळून म्हणाले, "मी तुझ्या शर्यतीच्या विरोधात आहे, हे लक्षात असू दे. नळीबद्दल बोललो ते वेगळं."

पिंजरा परत गेला. पुढच्या शनिवारी आम्ही जे. पी. नगरच्या टोकाला गेलो. तिकडे तेव्हा घरामागून घर उभं राहत होतं आणि दर दुसऱ्या गल्लीत फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. त्यातल्या एकाने उत्साहाने आमचं काम घेतलं. त्याने याआधी पिंजरा कधी केला नव्हता, पण मासिकातलं चित्र दाखवल्यावर तो म्हणाला, "माडोण", म्हणजे करू या. तो भला माणूस होता. त्याने आडवे, उभे, दारातून जाणारे, टपाखालून जाणारे असे इतके पाइप सुचवले की गाडीत बसायला जागा राहते की नाही असं वाटावं. शिवाय मधल्या आडव्या दांडीवर कमळ करून देतो म्हणाला. मित्राने कमळाला नको म्हटलं आणि बाकी सगळ्याला सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणून टाकलं.

घरी येऊन मी खडूने अंगणातल्या फरशीवर तो पिंजरा काढून आईला दाखवत होते. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "पाइप कसला?"

"पाण्याचा. जस्त चढवलेला. गंजत नाही."

पेपर खाली आला. "पाण्याच्या पाइपाचं काम पाणी नेणं."

"पण बघा तरी, किती पाइप आहेत. सगळीकडून आधार आहे."

"उठ," ते म्हणाले. "खराटा आण."

आईला आधी वाटलं, ते खडू पुसायला सांगताहेत. पण बाबांनी खराट्यातले हीर उपसले, आईच्या कात्रीने सारखे कापले आणि माझ्या सायकलच्या खोक्यातून व्हॉल्व्हट्यूब काढून तिचे बारके तुकडे केले. मी लहान असताना ते असे बंगले करून द्यायचे. हीर म्हणजे खांब, रबराचा तुकडा म्हणजे सांधा. जेवणाच्या टेबलावर त्यांनी दोन सांगाडे उभे केले. एक माझा, भरपूर काड्यांचा, सगळे चौकोनच चौकोन. दुसऱ्यात जेमतेम काही काड्या. एक कमान, तिला मागून दोन तिरके आधार आणि कमानीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारा कर्ण. बस.

"वरवंटा दे गं," ते आईला म्हणाले.

"खोबरं वाटायचंय मला."

"एक मिनिट."

माझ्या सांगाड्यावर वरवंटा ठेवला तसा तो एका बाजूला झुकला आणि सगळेच्या सगळे चौकोन मिळून निजले. एकही काडी मोडली नाही. नुसता सांगाडा आडवा झाला. मग वरवंटा दुसऱ्यावर ठेवला. तो कुरकुरला, पण उभा राहिला. बाबांनी बाजूने बोटाने ढकलून बघितला, तरी उभा.

"त्रिकोण," ते म्हणाले. "त्रिकोणाला झुकता येत नाही."

आईने वरवंटा उचलला, पदराने पुसला आणि म्हणाली, "मग हा घ्या ना. याला नळ्यापण कमी लागतील."

माझ्या मनाला ते पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला जंगी पिंजरा हवा होता. दारातून जाणाऱ्या दांड्या, पुढच्या काचेजवळचे खांब, तसला. बाबांचा तो अर्धा पिंजरा म्हणजे चालकाच्या पाठीमागे एक कमान, पुढे काहीच नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. मी तसं म्हटलं. बाबांनी वाद घातला नाही. सोमवारी ते विजेच्या दुकानातून भिंतीत वायरी घालायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या घेऊन आले. मी ऑफिसातून बसने आले तर आमच्या गाडीत त्या नळ्यांचा आख्खा पिंजरा चिकटपट्टीने उभा केलेला, आणि बाबा बाजूला वेताच्या खुर्चीत.

"हा तुझा पूर्ण पिंजरा. बस आत."

बसायला गेले तर दारातली दांडी आडवी. एक पाय टाकला, मग वाकले, मग दुसरा पाय अडकला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "थांब, मी बघते," आणि पदर खोचून, निऱ्या एका हातात धरून खरोखरच आत शिरायला लागली. अर्ध्यात अडकली आणि तिला इतकं हसू आलं की ना पुढे जाता येईना, ना मागे येता येईना. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या आणि कन्नडमध्ये विचारू लागल्या की गाडी विकत घेताय का. शेवटी मी आणि बाबांनी आईला ओढून बाहेर काढलं. दारातली नळी तिच्याबरोबरच बाहेर आली.

मग मी बसले. बाबा म्हणाले, "ऑफिसला हीच गाडी नेणार ना?"

"हो."

"तेव्हा हेल्मेट घालणार?"

"ऑफिसला कोण हेल्मेट घालून गाडी चालवतं?"

त्यांनी खिडकीतून हात घातला आणि माझं डोकं हलकेच बाजूला ढकललं. कानाच्या वरच ती प्लास्टिकची नळी लागली. "ही लोखंडाची आहे असं समज. आणि मागून कोणी नुसता धक्का दिलाय असं समज. ट्रॅकवर हेल्मेट असतं, तिथे हा पूर्ण पिंजरा चालेल. रस्त्यावर हाच तुझं डोकं फोडेल. दोन गाड्या असत्या तर मी म्हटलं असतं पूर्ण कर. तुमची दोघांत मिळून एकच आहे."

मी त्या नळीला पुन्हा एकदा आपणहून डोकं लावून बघितलं. मग म्हटलं, "बरं."

इतक्या दिवसांत मी त्यांचं असं पटकन ऐकलं नव्हतं. त्यांनाही नवल वाटलं असावं, कारण ते लगेच आत जाऊन चहा टाकायला सांगून आले.

नळी कुठली घ्यायची यावर मात्र त्यांनी तडजोड केली नाही. जोड नसलेली, अखंड ओढलेली नळी हवी, आणि ती गरम न करता यंत्रावर वाकवायची. जाळ्या बनवणाऱ्या आमच्या भल्या माणसाकडे ते यंत्र नव्हतं. मित्राच्या चुलत्यांच्या ओळखीने पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते मिळालं. बाबा माझ्याबरोबर आले. गाडीत बसताना पुन्हा एकदा म्हणाले की त्यांचा विरोध कायम आहे. तिथे त्यांनी कारखान्याच्या मालकाशी कन्नडमध्ये अर्धा दिवस गप्पा मारल्या, वाक तपासले, आणि कमानीच्या पायाखाली घालायच्या पत्र्याच्या पट्ट्या मूळ मापाच्या दुप्पट करून घेतल्या. गाडीचा तळ पातळ असतो, कमान त्यातून भाल्यासारखी आरपार जाईल, हे त्यांनी मला, मित्राला, मालकाला आणि चहा घेऊन आलेल्या माणसाला वेगवेगळं समजावून सांगितलं. परत येताना माझ्या मनात आलं, निवृत्तीनंतर इतकं बोलताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. सकाळी फिरणं, पेपर, दुपारी झोप, एवढंच चाललं होतं त्यांचं. त्या दिवशी घरी पोचल्यावर ते दुपारचे झोपलेच नाहीत.

मागची सीट गेली. तिच्या जागी काळी कमान आली. मित्र ती बघून म्हणाला, "अक्का, स्वल्प बारीक दिसते."

"त्रिकोण आहे," मी म्हटलं.

पहिल्या शर्यतीला मी आणि मित्र गाडी चालवतच मद्रासला गेलो. बाबा रेल्वेने आले. आईला त्यांनी सांगितलं की जुन्या सहकाऱ्याला भेटायचंय. सहकारी खरंच मद्रासला राहत होता, आणि बाबा त्याला घेऊनच ट्रॅकवर हजर झाले.

तपासनिसांनी पिंजरा पाहिला, नळीची जाडी मोजली, कमानीखालच्या पट्ट्यांवर वाकून बघितलं आणि विचारलं, "हा कोणी केला?" मी मागे बोट दाखवलं. बाबा आकाशाकडे बघत होते.

सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी चांगली चालवत होते, निदान मला तसं वाटत होतं. एका लांब वळणावर मी जरा जास्तच वेगात शिरले. गाडी बाहेर बाहेर जायला लागली, बाजूची चाकं डांबरावरून उतरून वाळूत रुतली, आणि मग ती सावकाश, अगदी कोणी उचलून ठेवावी तशी, कलंडली. आधी कुशीवर, आणि मग टपावर. सगळीकडे धूळ. इंजिन बंद पडलं. मी सीटच्या पट्ट्यांना उलटी लोंबकळत होते आणि माझ्या खिशातलं बडीशेपेचं पाकीट टपावर, म्हणजे आता जमिनीवर, सांडत होतं. दुखत कुठेच नव्हतं. मला आधी भीतीही वाटली नाही. भीती वाटली ती बाहेर आल्यावर.

ट्रॅकवरच्या लोकांनी मला बाहेर काढलं. मित्र धावत आला. त्याला मराठी, कन्नड, इंग्रजी काहीच आठवेना. नुसता माझं मनगट धरून उभा राहिला. मागून बाबा येत होते. बाबांना मी धावताना कधी पाहिलं नव्हतं. ते आले, त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून दोन्ही बाजूंना वळवलं, डोळ्यांत बघितलं, बोटं मोजायला लावली. मग तिथेच वाळूत बसले. त्यांच्या सहकाऱ्याने पाणी आणलं.

गाडी सरळ केल्यावर दिसलं की पुढची काच गेली होती, टप पुढच्या बाजूला वाकला होता, पण कमानीवर येऊन थांबला होता. चालकाच्या डोक्यावरची जागा जशीच्या तशी. बाबा उठले, कपडे झटकले आणि खिशातून मोजपट्टी काढली. ती त्यांनी बेंगळुरूहून आणली होती.

आईला सांगायचं नाही असं आमचं तिघांचं ठरलं. काच दगडाने फुटली, टपावर झाडाची फांदी पडली, असं सांगायचं. ही कल्पना बाबांचीच. आईनेही ते मानलं, किंवा आम्हाला तसं वाटलं.

पंधरवड्याने बाबांचे कारखान्यातले एक जुने स्नेही घरी आले. आईने पोहे केले होते. बोलता बोलता पिंजऱ्याचा विषय निघाला आणि बाबांच्या डोळ्यांत मला ती चमक दिसली. मी खुणा केल्या, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी दोन चमचे एकमेकांना टेकवून उभे केले, तिसरा तिरका लावला आणि म्हणाले, "गाडीचं सगळं वजन या कोपऱ्यावर आलं, साहेब. टपावर पडली ना. आणि मोजलं मी, कमान जागची हलली नाही. कर्ण जसाच्या तसा."

स्नेही पोह्यांतले शेंगदाणे शोधायला लागले. आईने चहाची किटली खाली ठेवली.

"टपावर कोण पडलं?"

बाबांनी चमचे आडवे केले. "गाडी," ते म्हणाले. "हळूच."

"आणि ही?"

"आत होते," मी म्हटलं. "मला काहीही झालं नाही, आई."

"झाडाची फांदी म्हणे," आई एवढंच म्हणाली आणि पाहुण्यांना चहा ओतला. तिने माझ्या आणि बाबांच्या कपात ओतला नाही. तो आम्ही मागितलाही नाही.

दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चल, दाखव मला." आम्ही गाडीपाशी गेलो. नवी काच बसली होती, टप ठोकून बराचसा सरळ केला होता. ती चालकाच्या जागेवर बसली. या वेळी दारात दांडी नसल्यामुळे नीट बसली. मागे हात नेऊन तिने कमान चाचपली, वरपासून खालपर्यंत, नळी आणि सांधे आणि खालच्या पट्ट्या. मग म्हणाली, "याच्यामुळे?"

"हो."

"तुझ्या बाबांमुळे."

"हो."

तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "मला राग उलटल्याचा नाही आला," ती म्हणाली. "तुम्ही तिघांनी मिळून मला वगळलंत त्याचा आला. पुढच्या वेळी मी येणार आहे. मला जे काय बघायचं ते मी माझ्या डोळ्यांनी बघेन."

आणि ती आली. रेल्वेने, बाबांबरोबर, दशम्या आणि लसणीच्या चटणीचा डबा घेऊन. कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसली. त्या दिवशी माझी शर्यत पूर्ण झाली. मी मधे कुठेतरी आले. माझ्यामागे जितके होते, साधारण तितकेच पुढे. वाळू बाजूलाच राहिली. गाडीतून उतरले तेव्हा मित्र नाचत होता.

बाबा आधी गाडीकडे गेले आणि कमानीचे बोल्ट तपासायला लागले. आई सरळ माझ्याकडे आली. तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, हातात दशमी दिली. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, बास झालं हे सगळं.

"ती निळी गाडी शेवटच्या वळणापर्यंत तुझ्या मागे होती," ती म्हणाली. "तिला पुढे का जाऊ दिलंस?"

मी सांगायला लागले की टायर तापले होते, पकड राहिली नव्हती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पण तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मग ती मित्राला दशमी द्यायला गेली, आणि तो खात असताना मी तिला त्याला विचारताना ऐकलं की आता पुढच्या वेळी तू चालवणार आहेस का, आणि ते वळण तू कसं घेशील.